पंधराव्या वर्षी सुवर्ण, अठ्ठाविसाव्या वर्षी विश्वविक्रम: केटी लेडेकी टिकली कशी?

३ ऑगस्ट २०१२, लंडन ऑलिंपिक, महिलांची ८०० मीटर फ्रीस्टाइल. अमेरिकेच्या सगळ्या पथकात वयाने लहान असलेली, पंधरा वर्षांची केटी लेडेकी पाण्यात उतरली आणि ८ मिनिटं १४.६३ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन बाहेर आली. दुसरी आलेली स्पेनची मिरेया बेलमोन्ते चार सेकंदांहून मागे होती. बरोबर बारा वर्षांनी, ३ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिसमध्ये हीच शर्यत लेडेकीने लागोपाठ चौथ्यांदा जिंकली. पोहण्यातली एकच शर्यत सलग चार ऑलिंपिकमध्ये जिंकणारी ती पहिली महिला. पुरुषांतही तोवर हे फक्त मायकेल फेल्प्सला जमलं होतं, २०० मीटर वैयक्तिक मेडलेमध्ये (पोहण्याचे चारही प्रकार एकाच शर्यतीत). तेवढ्यावर न थांबता मे २०२५ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, तिने फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलमध्ये ८ मिनिटं ४.१२ सेकंदांचा नवा विश्वविक्रम केला.

आता थोडी वजाबाकी करू. लंडन ते फोर्ट लॉडरडेल, तेरा वर्षांत तिची वेळ किती सुधारली? १०.५१ सेकंद. ८०० मीटर म्हणजे ५० मीटरच्या तलावात सोळा लॅप. एका लॅपमागे सुधारणा ०.६६ सेकंद. लॅपला सरासरी ३०.९१ सेकंद लागायचे, ते ३०.२६ वर आले.

खरी गंमत पुढच्या वजाबाकीत आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिची वेळ होती ८:०४.७९. म्हणजे दहातले जवळजवळ सगळे सेकंद पहिल्या चार वर्षांतच कमी झाले होते. उरलेल्या नऊ वर्षांची कमाई ०.६७ सेकंद, तीही अख्ख्या शर्यतीत मिळून. आपण ‘प्रदीर्घ कारकीर्द’ म्हणतो तेव्हा दरवर्षी थोडं थोडं वर चढत जाणारी रेघ डोळ्यांसमोर येते. लेडेकीची रेघ एकोणिसाव्या वर्षी शिखरावर पोहोचते, मग खाली येते, बरीच वर्षं खालीच राहते आणि पुन्हा शिखरापाशी जाते. मला तिच्या पदकांपेक्षा हा मधला भाग समजून घ्यावासा वाटतो, पण त्यासाठी आधी पाण्याचा हिशेब मांडायला हवा.

पाणी किती वसूल करतं

पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असतं. पोहताना शरीराला होणारा पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो वेग टिकवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. वेग दुप्पट करायचा तर विरोध चौपट आणि शक्ती आठपट! म्हणून पोहण्यात ‘आणखी जोर लाव’ हा सल्ला फार महागात पडतो. वेग पाच टक्के वाढवायला पंधरा-सोळा टक्के जास्त शक्ती लागते. लेडेकीचा वेग लंडनपासून दोन टक्क्यांच्या थोडा वर वाढला. शरीराची पाण्यातली स्थिती तीच राहिली असती तर एवढ्यासाठी तिला सुमारे साडेसहा टक्के जास्त शक्ती आठ मिनिटं सलग काढावी लागली असती. ज्या पातळीवर इंजिन आधीच पूर्ण ताणलेलं असतं तिथे साडेसहा टक्के आणायचे कुठून?

उत्तर दोन वाटांनी मिळतं. इंजिन मोठं करा, किंवा गाडीचं ऍव्हरेज वाढवा. पहिली वाट तरुण वयात भराभर चालते आणि मग आखडते. दुसरी वाट म्हणजे तंत्र, आणि तंत्राला वयाची मर्यादा तितकीशी नसते. डोकं किंचित वर उचललं तरी कंबर खाली जाते, पाय बुडतात आणि पाण्याला अडवायला जास्त पृष्ठभाग मिळतो. हात पाण्यात शिरल्यावर कोपर वर राहिलं, तर मनगटापासून कोपरापर्यंतचा सगळा भाग वल्ह्यासारखा उभा राहतो आणि पाणी मागे ढकलतो. कोपर खाली पडलं की तोच हात पाणी नुसतं खाली दाबतो, त्यातून पुढे जायला काही मिळत नाही. कुठल्याही तलावावर शिकाऊ मुलांच्या लेनकडे पाच मिनिटं पाहिलंत तर कोपर पडलेले हात मोजता मोजता थकाल.

लेडेकीचा स्ट्रोक पाहिला तर पहिल्यांदा विचित्र वाटतो. दोन्ही हातांची लय सारखी नाही. ती बहुतेक वेळा उजवीकडे श्वास घेते. त्या वेळी डावा हात पुढे लांब ताणलेला क्षणभर तसाच राहतो, शरीर त्यावरून घसरत पुढे जातं आणि मग कंबरेच्या वळणातून पुढची ओढ सुरू होते. त्यानंतरचा स्ट्रोक चटकन येतो. लांब-आखूड, लांब-आखूड अशी ही चाल आहे. पोहण्याच्या जगात तिला ‘गॅलप’ म्हणतात, घोड्याच्या दौडीवरून. पुरुष जलतरणपटूंमध्ये, विशेषतः फेल्प्समध्ये, ही चाल दिसायची. मुली सहसा खांद्याच्या जोरावर समान लयीत पोहायच्या. लेडेकी शाळकरी असतानाच युरी सुगियामा या तिच्या प्रशिक्षकांनी तिचा स्ट्रोक या दिशेला वळवला. खांद्याऐवजी कंबरेतून येणाऱ्या ताकदीचा फायदा फक्त वेगात नसतो. जलतरणपटूंचा सगळ्यात आधी झिजणारा सांधा खांदा आहे. लांब पल्ल्याचे अव्वल जलतरणपटू आठवड्याला पन्नास-साठ किलोमीटर पोहतात. वर्षभरात खांदे किती वेळा फिरत असतील याचा अंदाज बांधा, मग या बदलाचं मोल कळेल.

वळणांचं गणितही याच जातीचं. ८०० मीटरमध्ये पंधरा वेळा भिंतीला पाय टेकून वळावं लागतं. प्रत्येक वळणामागे एक दशांश सेकंद वाचवला तर शर्यतीत दीड सेकंद वाचतो. पॅरिसमध्ये दुसरी आलेली ऑस्ट्रेलियाची एरियार्न टिटमस लेडेकीपेक्षा फक्त सव्वा सेकंद मागे होती.

आठ मिनिटांचं इंजिन

पोहण्याची आणि धावण्याची अंतरं सारखी दिसतात, पण शरीराला मीटर कळत नाहीत, मिनिटं कळतात. २०० मीटर फ्रीस्टाइल लेडेकीने रिओत १ मिनिट ५३.७३ सेकंदांत जिंकली. महिलांच्या ८०० मीटर धावण्याचा विश्वविक्रम १ मिनिट ५३.२८ सेकंद आहे. म्हणजे तलावातले २०० मीटर हे ट्रॅकवरच्या ८०० मीटरच्या तोलाचं काम. तिची १५०० मीटरची विक्रमी वेळ १५:२०.४८ आहे (२०१८, इंडियानापोलिस). तेवढ्या वेळात चांगली धावपटू ५००० मीटर संपवते. आठशेपासून पाच हजारपर्यंत सगळ्या शर्यतींत एकच बाई जगात पहिली आहे असं ट्रॅकवर आज कोणी सांगितलं तर आपण हसू. लेडेकीने २०१५ च्या कझानमधल्या जागतिक स्पर्धेत त्याच तोलाचं काम केलं: २००, ४००, ८०० आणि १५०० मीटर, चारही सुवर्णपदकं तिचीच.

हे शक्य होण्यामागे एक संकल्पना आहे, लॅक्टेटचा उंबरठा. स्नायू जोरात काम करतात तेव्हा लॅक्टेट तयार होतं. त्याला उगाच विष समजलं जातं. खरं तर शरीर ते इंधन म्हणून पुन्हा वापरतं. एका मर्यादेपर्यंत जेवढं तयार होतं तेवढं खर्ची पडतं आणि माणूस बराच वेळ त्या वेगाने जाऊ शकतो. मर्यादा ओलांडली की साठत जातं, सोबत स्नायूंमधली आम्लता वाढते, हात जड होतात, स्ट्रोक तुटायला लागतो. चांगल्या आणि असामान्य पोहणाऱ्यांमधला फरक हा उंबरठा कुठे आहे त्यावर ठरतो. दुसऱ्या मुली ज्या वेगाला उंबरठा ओलांडून हाय खात असतात, त्या वेगाला लेडेकी अजून आत असते. म्हणून तिच्या जुन्या शर्यती पाहताना पहिल्या दोनशे मीटरमध्येच निकाल लागल्यासारखा वाटतो. ती वेग वाढवत नाही, बाकीच्या मागे पडत जातात.

या उंबरठ्याची घडण सरावात होते, आणि तो सराव कंटाळवाणा असतो. शंभर-शंभर, दोनशे-दोनशे मीटरचे हप्ते, मध्ये मोजून विश्रांती, घड्याळाकडे नजर. रिओच्या आधीच्या काळात प्रशिक्षक ब्रूस गेमेल आणि तिने मिळून एक आकडा ठरवला होता: ५६५. सरावात मांड्यांमध्ये धरायचा फोमचा तुकडा असतो, पुल बॉय; त्यावर तो लिहिलेला होता. अर्थ फक्त त्या दोघांना ठाऊक. ४०० मीटर ३:५६ मध्ये आणि ८०० मीटर ८:०५ मध्ये. ५६ आणि ५. रिओत तिने ४०० मीटर ३:५६.४६ मध्ये जिंकली आणि ८०० मीटर ८:०४.७९ मध्ये. आठशेत दुसरी आलेली मुलगी ११.३८ सेकंद मागे होती. ती येऊन भिंतीला हात लावेपर्यंत लेडेकी मागे वळून फलकावरचे आकडे निवांत वाचू शकत होती. त्याच ऑलिंपिकमध्ये २००, ४०० आणि ८०० अशी तिन्ही सुवर्णं तिने घेतली. एका ऑलिंपिकमध्ये हे आधी फक्त डेबी मायरने केलं होतं, १९६८ मध्ये मेक्सिको सिटीत.

बाकीच्या मुली लवकर का थांबायच्या

डेबी मायरचं नाव निघालंच आहे तर पुढचंही सांगते. तीन सुवर्णं जिंकली तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि पुढच्या, १९७२ च्या ऑलिंपिकच्या आधीच निवृत्त झाली. १९७२ चं म्युनिक गाजवलं ऑस्ट्रेलियाच्या शेन गूल्डने, पंधराव्या वर्षी तीन वैयक्तिक सुवर्णं. १०० ते १५०० मीटरपर्यंतचे फ्रीस्टाइलचे सगळे विश्वविक्रम एका वेळी तिच्या नावावर होते. पुढच्याच वर्षी ती बाहेर पडली. अमेरिकेची जॅनेट इव्हान्स त्यामानाने टिकली. १९८८ मध्ये सोलला, सतराव्या वर्षी, तीन सुवर्णं. १९९२ मध्ये बार्सिलोनाला ८०० मीटरचं सुवर्ण पुन्हा. १९९६ मध्ये मायदेशी अटलांटात एकही पदक नाही, आणि निवृत्ती. पण तिने १९८९ मध्ये केलेला ८०० मीटरचा ८:१६.२२ चा विक्रम २००८ पर्यंत कोणालाही मोडता आला नाही. एकोणीस वर्षं! अठराव्या वर्षाच्या जवळपास केलेला तो विक्रम तिला स्वतःलाही पुन्हा गाठता आला नाही.

यामुळे एक समजूत रुजली: लांब पल्ल्याचं पोहणं हे शाळकरी मुलींचं काम. शरीर हलकं, कंबर अरुंद, पाण्याचा विरोध कमी; वय वाढलं, शरीर भरलं की संपलं. यात तथ्य नाही असं नाही. पण त्या मुली थांबल्या त्यामागे शरीराइतकंच पैशाचं कारण होतं. पूर्वीच्या हौशी खेळाडूंच्या नियमांत पोहण्यातून पैसे घेतले की ऑलिंपिकचं दार बंद व्हायचं. घरच्यांच्या जिवावर रोज पहाटे चारला उठून किती वर्षं पोहणार? त्यात मुलींनी जिंकण्यासाठी लांबची शर्यतही एकच. पुरुषांना ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर १९०८ पासून पोहता येते. महिलांना ती मिळाली टोकियोत, २०२१ मध्ये. मधल्या शंभराहून अधिक वर्षांत या गोष्टीचं समर्थन करणाऱ्यांना मी एकच विचारेन: लेडेकीने २०१३ पासून १५०० चे विक्रम मोडायला सुरुवात केली होती, मग २०१६ मध्ये तिची सगळ्यात हुकमी शर्यत ऑलिंपिकमध्ये का नव्हती?

वयाच्या बाबतीत आखूड पल्ल्याची गोष्ट निराळी. अमेरिकेची डारा टॉरेस २००८ मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी ५० मीटरमध्ये रौप्यपदक घेऊन गेली, सुवर्ण अवघ्या ०.०१ सेकंदाने हुकलं. अँथनी अर्विनने ५० मीटरचं सुवर्ण २००० मध्ये जिंकलं आणि पुन्हा २०१६ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी. पन्नास मीटरला ताकद आणि तंत्र लागतं. सरावाचे किलोमीटर कमी असतात, त्यामुळे शरीराची झीजही कमी. लांब पल्ल्याला ते किलोमीटर चुकत नाहीत. म्हणून अठ्ठाविसाव्या वर्षी ८०० मीटरचा विक्रम मला जास्त दुर्मिळ वाटतो.

आपल्याकडचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवायचं तर कोल्हापूरचा वीरधवल खाडे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो सोळा वर्षांचा होता. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्यपदक त्याने आणलं. पुढे राज्य सरकारच्या सेवेत तो तहसीलदार झाला आणि ऐन उमेदीची काही वर्षं तलावापासून दूर गेली. परत आल्यावर २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचं कांस्य ०.०१ सेकंदाने हुकलं. सरकारी नोकरी देणं हा आपल्याकडे खेळाडूचा मोठाच सन्मान समजला जातो, आणि घर चालायला ती हवीच असते. पण जलतरणपटूच्या कारकिर्दीची लांबी ठरवताना रोजचे चार-पाच तास कोणाच्या मालकीचे आहेत, हा प्रश्न फुप्फुसांच्या क्षमतेइतकाच महत्त्वाचा ठरतो.

लेडेकीला हे तास मिळाले. रिओनंतर लगेच करार करून पैसे कमावण्याऐवजी ती स्टॅनफर्ड विद्यापीठात गेली, विद्यापीठाच्या संघातून पोहली (अमेरिकेत तेव्हा विद्यापीठाकडून खेळायचं तर जाहिरातींचे पैसे घेता येत नसत), मग मार्च २०१८ मध्ये व्यावसायिक झाली. मानसशास्त्राची पदवीही घेतली. घरची परिस्थिती चांगली होती, आई स्वतः विद्यापीठ पातळीवरची जलतरणपटू. हे सगळं हाताशी असताना टिकणं सोपं जातं, हे मान्य करायला हरकत नाही. पण हे सगळं हाताशी असलेले पुष्कळ जण पंचविशीच्या आत थांबतात, हेही खरंच आहे.

हरण्याची वर्षं

आता त्या मधल्या दरीकडे येऊ. ८०० मीटरमधल्या तिच्या मोठ्या स्पर्धांच्या वेळा पाहा: २०१७ बुडापेस्ट ८:१२.६८, २०१९ ग्वांगजू (दक्षिण कोरिया) ८:१३.५८, टोकियो ८:१२.५७, पॅरिस ८:११.०४. प्रत्येक वेळी सुवर्ण, आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या रिओतल्या वेळेपेक्षा सहा ते नऊ सेकंद मंद. अशी मंद होत चाललेली, तरी जिंकणारी खेळाडू लोकांना फसवी वाटते. दर स्पर्धेनंतर ‘ती संपली का’ हा प्रश्न यायचाच.

कारणं एकाहून जास्त होती. विद्यापीठाच्या स्पर्धा २५ यार्डांच्या तलावात होतात. तिथे वळणं दुपटीहून जास्त, सलग पोहणं कमी; ५० मीटरच्या तलावातली लय वेगळी. २०१९ मध्ये ग्वांगजूला ती आजारी पडली, २०० आणि १५०० मधून माघार घ्यावी लागली. आठशेची अंतिम फेरी मात्र ती पोहली. इटलीची सिमोना क्वाडारेला मधल्या टप्प्यात पुढे गेली होती. लेडेकी तिच्या बरोबरीला चिकटून राहिली आणि शेवटच्या पन्नास मीटरमध्ये तिला मागे टाकलं. पहिल्या दोनशेत शर्यत संपवून टाकणाऱ्या मुलीने शेवटच्या लॅपमध्ये जिंकायला शिकणं, हा तिच्या कारकिर्दीतला मला सगळ्यात आवडलेला बदल. मग २०२० ची महामारी आली. तलाव बंद झाल्यावर ती आणि अमेरिकेचीच जलतरणपटू सिमोन मॅन्युएल कोणाच्या तरी घरामागच्या दोन लेनच्या, २५ यार्डांच्या खासगी तलावात सराव करत होत्या.

टोकियोतला २८ जुलै २०२१ चा दिवस तिची सगळी गोष्ट सांगून जातो. सकाळच्या सत्रात २०० मीटरची अंतिम फेरी होती. ती पाचवी आली. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक शर्यतीत पदक न मिळण्याची तिची ही पहिलीच वेळ. दोन दिवसांपूर्वी ४०० मध्येही टिटमसने तिला हरवलं होतं. पाचव्या क्रमांकानंतर तासाभराच्या अंतराने १५०० मीटरची अंतिम फेरी. मधल्या वेळेत काय करायचं? हिरमुसून बसायची सोय नाही. सरावाच्या तलावात हळूहळू पोहून लॅक्टेट खाली आणायचं, थोडं खायचं-प्यायचं, परत सुरुवातीच्या ठोकळ्यावर उभं राहायचं. १५:३७.३४ मध्ये ती जिंकली आणि महिलांच्या १५०० ची पहिली ऑलिंपिक विजेती झाली. त्या ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेऱ्या धरून तिने एकूण ६,२०० मीटर शर्यत पोहली.

पॅरिसला जाताना तिने २०० मीटर वैयक्तिक शर्यत सोडली. मला वाटतं, तिच्या टिकण्याचं मर्म इथे आहे. वयाबरोबर स्फोटक वेग आधी जातो, दमसास बराच काळ राहतो. त्यामुळे लांब पल्ल्याच्या खेळाडूच्या शर्यती आखूड टोकाकडून गळत जातात. २०० मध्ये तिला २०१७ मध्येच इटलीच्या फेडेरिका पेलेग्रिनीने मागे टाकलं होतं. ४०० मध्ये २०१९ पासून टिटमस, मग कॅनडाची समर मॅकिंटॉश पुढे गेली. पॅरिसमध्ये ४०० ला कांस्य. पण ८०० आणि १५०० हातात राहिल्या. अनेक मोठे खेळाडू सगळं राखायच्या हट्टापायी सगळंच घालवतात. तिने २०० सोडली म्हणजे अंतिम फेरीपर्यंतच्या तीन दमछाक करणाऱ्या शर्यती वाचल्या, त्यांची ताकद १५०० ला मिळाली. पॅरिसमधली १५०० तिने दहा सेकंदांहून जास्त अंतराने जिंकली.

२०२४ मध्ये तिने आणखी एक गोष्ट जाहीर केली. २०१५ नंतरच्या काळात तिला ‘पॉट्स’ नावाचा विकार असल्याचं निदान झालं होतं. यात माणूस उभा राहिला की हृदयाचे ठोके प्रमाणाबाहेर वाढतात, चक्कर येते, थकवा येतो. रक्त पायाकडे उतरतं, ते वर पाठवताना शरीराचा ताळमेळ चुकतो. भरपूर पाणी, जास्त मीठ आणि व्यायाम यांनी तो बराचसा आटोक्यात ठेवता येतो. पोहताना शरीर आडवं असतं आणि पाण्याचा दाबही पायांवर असतो, म्हणून अशा रुग्णांना जे व्यायाम सुचवले जातात त्यांत पोहणं असतं. तिच्या बाबतीत नेमका तोच पेशा निघाला, याला नशीब म्हणा.

चार प्रशिक्षक

एका गुरूला धरून राहण्याची परंपरा आपल्याकडे आदराची. लेडेकीने मात्र चार प्रशिक्षक केले: लंडनपर्यंत सुगियामा, रिओपर्यंत गेमेल, स्टॅनफर्डमध्ये ग्रेग मीहान, आणि २०२१ पासून फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलमध्ये अँथनी नेस्टी. भांडून कुठलीच फारकत झाली नाही. कधी प्रशिक्षक दुसरीकडे गेले, कधी तिचं शिक्षण बदललं. सुगियामांच्या हाताखाली स्ट्रोक घडला, गेमेलांच्या हाताखाली ते अवाढव्य इंजिन. नेस्टी स्वतः सुरिनामचे, १९८८ मध्ये १०० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण अमेरिकेच्या मॅट बिआँडीला ०.०१ सेकंदाने हरवून जिंकलेले. गेन्सव्हिलमध्ये तिला सरावाला सोबत मिळाली ती पुरुषांची. त्यातला बॉबी फिंक टोकियोत ८०० आणि १५०० चा विजेता, पॅरिसमध्ये १५०० चा विश्वविक्रमवीर. रोज सरावात तुमच्यापेक्षा वेगवान माणूस शेजारच्या लेनमध्ये असेल तर घड्याळाकडे बघायची गरजच उरत नाही. स्पर्धेत वर्षानुवर्षं एकटीने पुढे पोहणाऱ्या मुलीला पाठलाग करायची जागा सरावात मिळाली.

नऊ वर्षांनी रिओची वेळ मागे पडली, ती या घडामोडीनंतर. फेब्रुवारी २०२४ मध्ये मॅकिंटॉशने ऑरलँडोत तिला ८०० मध्ये हरवलं होतं. या शर्यतीच्या अंतिम फेरीत ती तेरा वर्षांत हरलीच नव्हती. फोर्ट लॉडरडेलचा विक्रम त्यानंतर पंधरा महिन्यांनी आला. त्याच स्पर्धेत तिने ४०० मीटर ३:५६.८१ मध्ये आणि १५०० मीटर १५:२४.५१ मध्ये पोहून दाखवली.

ऑगस्ट २०२५ मध्ये सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेत ८०० मीटरची अंतिम फेरी झाली. एका बाजूला मॅकिंटॉश, लंडनच्या वेळी पाच वर्षांची होती ती; दुसरीकडे ऑस्ट्रेलियाची लानी पॅलिस्टर. तिघींनी एकमेकींना शेवटपर्यंत सुटू दिलं नाही. लेडेकी ८:०५.६२, पॅलिस्टर ८:०५.९८, मॅकिंटॉश ८:०७.२९. रिओत ८:०४.७९ ला तिच्या मागे अकरा सेकंद मोकळं पाणी होतं. सिंगापूरला ती रिओपेक्षा एका सेकंदाहूनही कमी फरकाने मंद होती आणि मागची मुलगी ०.३६ सेकंदावर. लॉस एंजेलिस ऑलिंपिक २०२८ मध्ये आहे. तेव्हा ती एकतीस वर्षांची असेल, आणि तिथे पोहायची इच्छा तिने बोलून दाखवली आहे.